पालीची साक्ष

आमच्या घरात भिंतीवरच्या पालीला झाडूने हाकलतात, पण तिच्या शब्दाला फार मान आहे. कुणी बोलत असताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं ठरलं. मग जमिनीवर बोटाने तीनदा टकटक करायचं, ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायचं आणि विषय संपवायचा. असा संपलेला विषय माझ्या सासऱ्यांसमोर, म्हणजे मामाजींसमोर, पुन्हा काढायची कुणाची टाप नाही.

अशा घरात माझ्या लेकीने पुण्याहून पाल आणली. परदेशी, पिवळी, अंगभर ठिपके, सरकारदरबारी रीतसर नोंदवलेली. लेकीला नोकरीच्या प्रशिक्षणासाठी काही महिने बाहेर जायचं होतं, म्हणून ही पाहुणी आमच्या गळ्यात. आपल्या पालींना पापण्या नसतात, हिला आहेत. पहिल्याच दिवशी तिने माझ्याकडे बघून सावकाश डोळे मिटले, तेव्हा मी उगाचच पदर सावरला.

प्लास्टिकच्या डब्यात तिला अडचण होत होती. मामाजींनी मोडक्या कपाटाच्या सागवानी फळ्या काढल्या आणि पेटी करायला घेतली. जन्मभर शेती केली तरी त्यांचा हात सुताराचा. पुढून सरकती काच, वर उबेसाठी बल्ब, मागे हवेला भोकं. पेटी इतकी देखणी झाली की आत आपणच राहायला जावं.

घोडं अडलं ते वार्निशवर. लाकूड कोरडं ठेवलं तर आतल्या ओलीने फुगणार, म्हणजे काहीतरी लावणं भाग होतं. मामाजींनी माळ्यावरून डबा उतरवला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेलं वार्निश. झाकण उघडताच ओसरीवरच्या माशीनेही घर सोडलं. फोनवर लेक कळवळली. बंद पेटी, वर बल्बची ऊब. त्या उबेने वार्निशची वाफ निघत राहणार आणि पाल रात्रंदिवस तीच ओढणार.

“तिले खोकता येत नाही, आई,” ती म्हणाली. “मेल्यावरच कळते.”

हे मी मामाजींना सांगितलं. त्यांनी एका सुट्या फळीवर वार्निशचा हात मारला, चमक डोळे भरून पाहिली आणि म्हणाले, “बैलाच्या शिंगाले लावतो, त्याले कधी काही झालं काय? पालीले बी काही होत नाही.”

आणि नेमकी तेव्हाच ट्यूबलाइटमागची पाल चुकचुकली. मामाजींनी तीनदा टकटक केलं. झालं, निकाल लागला. एका पालीच्या जिवाचा फैसला दुसऱ्या पालीने केला. मला त्या ट्यूबलाइटवालीचा असा संताप आला की झाडू उचलला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले. फटी बुजवायला दुकानदार न्हाणीघराचं सिलिकॉन देत होता. बुरशी मारायचं औषध आहे म्हणून कौतुकाने सांगत होता. बुरशीला मारतं ते पालीला काय ओवाळणार? मी माशांच्या टाकीचं, बिनऔषधाचं मागितलं. सोबत पाण्यातलं वार्निश घेतलं. मामाजींनी डब्यात डोकावून पाहिलं, म्हणाले हे तर ताक दिसते, आणि बाजूला सारलं. पालीची साक्ष झालेली, आता देव आला तरी ऐकणार नव्हते.

मग मी पाल व्हायचं ठरवलं. पोळ्या लाटता लाटता जिभेचा सराव केला. टाळूला जीभ चिकटवून झटक्यात सोडली की हुबेहूब आवाज येतो. दुपारी मामाजी ओसरीवर ब्रश घेऊन बसले, तशी मी स्वयंपाकघराच्या दाराआडून म्हटलं, “मामाजी, पाण्यातलंच बरं राहील.” आणि चुकचुकले.

मामाजींनी भिंत पाहिली, आढं पाहिलं. मग टकटक केलं आणि ताकाचा डबा पुढे ओढला. दोन हात मारू का म्हणाले, मी चुकचुकले. काचेच्या फटीत सिलिकॉन भरू? चुकचुकले. वास पुरता जाईपर्यंत उन्हात ठेवू? जीभ दुखायला लागली होती, तरी चुकचुकले.

पेटी कितीतरी दिवस अंगणात वाळत पडली. मामाजी रोज तिच्यात डोकं घालून वास घेत. शेवटी काहीच वास येईना, तेव्हा पाल आत गेली. बल्बखालच्या दगडावर पोट टेकलं, झुरळ खाल्लं आणि झोपून गेली. इतका जीव भांड्यात पडला की मी फोनवर लेकीशी बोलताना चक्क रडले.

त्या संध्याकाळी मामाजी पेटीसमोर बसून होते. मी चहा दिला.

“बैल मोकळ्या हवेत राह्यते,” ते पालीकडे पाहत म्हणाले. “त्या वारनीसच्या फळीचा म्या जवळून वास घेऊन पाह्यला होता. डोकं गरगरून गेलं माहं.”

मग तेव्हाच का नाही बोललात, असं मी विचारलं.

“पालीनं साक्ष देली होती. मानसानं शब्द मांगं कसा घ्यावा?” त्यांनी बशीत चहा ओतला. “मी वाटच पाहून राह्यलो होतो, घरातलं कोनी चुकचुकते काय म्हनून.”

मी पदर तोंडाला लावला. ते शांतपणे चहा प्यायले आणि रिकामी बशी माझ्या हातात देत म्हणाले, “पन सूनबाई, खरी पाल एवढी बडबड करत नाही.”