आधी तिनं चाखलेली गोळी

रोटी ती कधी उलटी ठेवायची नाही. चहा अर्धीच प्याली ओतायची, म्हणजे पाहुणा पुन्हा मागेल. कुणासमोर काही ठेवण्याआधी त्यातला घास स्वतः मोडायची. स्वतःच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायची.

ओश शहरातली ही तंदूरवाली सालकिनाय. शेजारची बेगिमाय तिला एजे म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

एजेचा धाकटा भाऊ तेमिरबेक हेरॉइन सोडून घरी आला. पुन्हा घेतलं तरी नशा चढू नये म्हणून दवाखान्यानं त्याला रोजची गोळी दिली होती. त्यानं ती हातात धरली. "विष असेल तर?"

"गाढवा, न चाखता तुला कधी काही वाढलंय का मी?"

पहिली गोळी एजेनं गिळली, दुसरी त्यानं. मग ते रोजचंच झालं.

तिला ना व्यसन, ना दुखणं. तरी गोळीनं पोटात मळमळे, डोकं गरगरे.

"रोटीला चवच लागत नाही गं," एक दिवस ती म्हणाली.

"पीठ बदललंत का एजे?"

"पीठ तेच आहे. मीच बदलले."

हसणंही आटलं. यामागचं कारण बाहेरच्यांत एकट्या बेगिमायला ठाऊक होतं. तेमिरबेकची सोयरीक जुळत होती; बाहेर ब्र काढायचा नव्हता.

सहाव्या आठवड्यात तंदुरात वाकताना एजेला चक्कर आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

इस्पितळात कळ मारायचं इंजेक्शन दिलं. उतार नाही. दुसरं दिलं. तिसरं.

"बाई नाटकी दिसते," नर्स पुटपुटली. एजेनं उशीत दात रोवले होते.

"सांगू त्यांना?" बेगिमायनं विचारलं.

"जीभ हासडीन."

डॉक्टर चौथं इंजेक्शन भरू लागले. बेगिमायनं त्यांना व्हरांड्यात ओढलं आणि सांगून टाकलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" डॉक्टर ओरडले. "ती गोळी नशा अडवते, तसं या औषधालाही अडवते. मी डोस चढवत राहिलो असतो, आणि गोळीचा जोर ओसरल्यावर बाईचा श्वासच थांबला असता."

त्यांनी खांद्यापाशी सुई देऊन नुसता हात बधिर केला. तासाभरात एजे झोपली.

पण बेगिमाय सांगत होती तेव्हा तेमिरबेकच्या होणाऱ्या बायकोची मावशी सुपाचा डबा घेऊन मागेच उभी होती. सगळं ऐकून तिनं डबा बाकावर ठेवला आणि निघून गेली.

सोयरीक मोडली. तेमिरबेक गोळ्या इथंच टाकून बिश्केकला गेला. त्याचा फोन लागत नाही. एजे बेगिमायला एकदाच म्हणाली, "तुझ्यामुळे वाचले मी." आणि तोंड फिरवलं.

नवी सून ज्या पडद्याआड बसते, तो पडदा एजे भरत होती. नक्षीतलं मेंढ्याचं एक शिंग लाल धाग्यानं पुरं झालंय. दुसऱ्याची नुसती खडूची रेघ आहे. हात आता बरा आहे.