गोदाक्काची सही

“मामा, माय गेली...” शांता फोनवर एवढंच बोलली. त्याला आता महिना उलटला. शांता माझी भाची, गोदाक्काची एकुलती एक लेक.

गोदाक्का माझी थोरली बहीण. महाराष्ट्र नवा नवा झाला तेव्हाची गोष्ट. तिला मोताळ्याजवळच्या एका खेड्यात दिलं होतं. शांता रांगत असताना दाजींनी दोघींना अमडापूरला आमच्याकडे आणून सोडलं. सुगी झाली की नेतो म्हणाले, आणि सुगीच्या आतच दुसरं लग्न करून मोकळे झाले. वडिलांनी बुलढाण्याच्या कोर्टात पोटगीचा दावा लावला. दुसऱ्या लग्नाबद्दल फौजदारीचीही तयारी चालवली. तेव्हा दाजींकडून तडजोडीचा निरोप आला. विहिरीजवळचं ओलिताचं वावर अक्काच्या नावे करून देतो. बदल्यात तिने लिहून द्यायचं, की ती स्वखुशीने घर सोडून आली आणि दुसऱ्या लग्नाआधीच दोघांची फारकत झाली होती.

दोन्ही गोष्टी खोट्या. पण वडील म्हणत, वावर माय-लेकींना जन्मभर पुरेल. आई म्हणे, घर सोडणाऱ्या बाईच्या पोरीला उद्या कोण करून घेईल? वकिलांच्या मते दावा वर्षानुवर्षं लोंबकळला असता. भाकरी थापता थापता अक्काचा हात मध्येच थांबायचा... तारखेला जाताना एस.टी.त मात्र तिने मला सांगितलं, “मी नाही करत सही. मी आपल्या मनानं नाही आली.”

कोर्टाच्या आवारात एक कोवळी पोरगी कडेवर तान्हं मूल घेऊन आली आणि अक्कासमोर खाली बसली. ती कमल, दाजींची दुसरी बायको.

“बाई, मले मालूम नव्हतं हो. बायको मेली म्हणून सांगतलं होतं माह्या बापाले.”

तिने मागितलं काहीच नाही. मूल किरकिरत होतं. अक्का त्याच्याकडे पाहत राहिली, मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “मी अडून राह्यली त हिचं काय होईन?” वकिलांनी सांगितलेलं मी सांगितलं, की दाजी तुरुंगात जातील आणि कायदा हिला बायको मानणार नाही. अक्का आत गेली आणि सही करून आली.

तिने त्या वावरात दोन खोल्या बांधल्या आणि वांगी, मेथी पिकवून शांताला वाढवलं. दाजींच्याच गावात ‘नवरा टाकून गेलेली’ हे ऐकत राहिली. एकदा शांताने विचारलं, “तू काऊन सोडलं बाबाले?” अक्का म्हणाली, झालं तसं. पोरीला खरं सांग, असं मी कितीदा म्हणालो. तिला कमलच्या लेकराची काळजी, खरं फुटलं तर ते अनौरस ठरेल अशी. आणि मध्येच मलाच विचारायची, “मी वावरासाठीच त नाही ना केली सही?”

शांताची स्थळं परत जाऊ लागली. दाजी वारल्यानंतर एक स्थळ आलं, तेव्हा कमल न बोलावता येऊन पाहुण्यांसमोर उभी राहिली. म्हणाली, “ह्या बाईनं घर नाही सोडलं. माह्या लेकरासाठी खोटं लिहून देलं.” लग्न तिथेच जमलं. पण शांता सासरी जाईपर्यंत आईशी धड बोलली नाही. लेकीच्या आधी दुसरीच्या लेकराचा विचार केलास, हे तिला गिळता येत नव्हतं. पुढे स्वतःची मुलं झाल्यावर ती निवळली, पुरती नाही.

अक्का चौथी शिकलेली, अक्षर वळणदार. पण कोर्टातल्या त्या दिवसानंतर तिने सही म्हणून केली नाही. बँकेत, तलाठ्याकडे, सगळीकडे अंगठा. घरी आली की शाईचं बोट दाराच्या चौकटीला पुसायची. परवा गेलो तेव्हा घराला रंग चालला होता. भिंती झाल्या होत्या. ती चौकट तेवढी शांताने रंगाऱ्याला सोडायला लावली होती, आणि डागांजवळ हात टेकून ती दारात उभी होती.