खुंटीवरचा गोट आणि रविवारचं टपाल

शिकवणाऱ्या माणसाच्या घरी दोन गोष्टी आपोआप साठतात. तपासायच्या वह्या आणि किस्से. वह्या निदान रद्दीवाल्याला देता येतात. किस्से कुणी नेत नाही, मग ते असे चार माणसं बसली की बाहेर पडतात!

माझे सगळे एग्मोरचे आहेत. ऐंशीच्या दशकातलं मद्रास. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून तांबरमला राहायला आलो. दर शनिवारी दुपारी मी तिथून लोकलने एग्मोरला जायची. स्टेशनजवळ एका मेसच्या वरच्या मजल्यावर पत्राद्वारे बी.ए. करणाऱ्या नोकरदारांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. खालून सांबाराचा वास, वर आम्ही!

वर्ग चालवायचे गोविंदराव. निवृत्त हेडमास्तर, तंजावरी मराठी घराण्यातले. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला समोर बसवून पाच मिनिटं नुसतं बोलायला लावलं. मीही सदाशिव पेठेतली, अगदी शुद्ध बोलले. त्यांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"बरी बोलतां हो तुम्ही मराठी. थोडी नवी आहे, इतकेंच. इथें राहूनु सुधरेल!"

*

आमच्याकडे काम एकच. अभ्यासक्रमात एक तीन अंकी इंग्रजी नाटक होतं, त्यावर विश्लेषणात्मक निबंध कसा लिहायचा ते शिकवायचं. नाटकाची गोष्ट अशी: एक निवृत्त न्यायाधीश आणि त्याची मुलगी एमिली. एमिलीचं लग्न ठरलेलं असतं. दुसऱ्या अंकात न्यायाधीश तिच्या हातात टपालाने आलेलं पत्र ठेवतो. 'लग्न मोडलं' असं नवऱ्या मुलाने लिहिलेलं असतं. मग एमिली जन्मभर बापाजवळच राहते. संपलं.

आता यावर निबंध लिहायचा म्हणजे आपलं एक मत मांडायचं आणि नाटकातले पुरावे देऊन ते पटवायचं. वर्गात हे सांगितलं की सगळे माना डोलवायचे. वह्या आल्या की कळायचं, माना मेसच्या सांबाराला डोलत होत्या!

*

सेल्वराज रेल्वेच्या कचेरीत क्लार्क होते. डिग्री मिळाली तर प्रमोशन मिळणार होतं, म्हणून आले होते. सतरा वर्षं सरकारी पत्रं लिहिलेला माणूस. त्यांचा पहिला निबंध मी अजून विसरलेले नाही.

वर 'विषय', त्याखाली 'संदर्भ', मग क्रमांक घातलेले परिच्छेद. 'वरील संदर्भांकित नाटकाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, न्यायाधीश हे निवृत्त आहेत.' शेवटी, 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर'!

मी म्हटलं, "सेल्वराज, हे सगळं काढा. पहिल्याच परिच्छेदात तुमचं स्वतःचं मत आलं पाहिजे. न्यायाधीश माणूस म्हणून कसा आहे, तुम्हाला काय वाटतं?"

ते एकदम घामाघूम. "मॅडम, सतरा वर्षं सर्व्हिस झाली. माझं मत आजपर्यंत कुणी विचारलं नाही."

"मी विचारते ना!"

दोन शनिवार ते आलेच नाहीत. मला वाटलं, गेला माणूस. तिसऱ्या शनिवारी आले, वही माझ्यासमोर ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. वहीत सुंदर अक्षरात एकच वाक्य होतं: 'माझ्या मते न्यायाधीश हा स्वार्थी माणूस आहे.'

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात खाली कंसात बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं.

'आपल्या मंजुरीच्या अधीन राहून.'

*

जानकीबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. त्याही तंजावरी मराठी. त्या शिकायला आलेल्याच नव्हत्या. त्यांची मुलगी उषा वर्गात होती, आणि विशीतल्या मुलीला एग्मोरला एकटीला पाठवायचं नाही म्हणून आई शेवटच्या बाकावर बसायची. मांडीवर वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलत. उषाला याने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती आईशी वर्गात एक अक्षर बोलायची नाही, आणि बोललीच तर तमिळमधून, तेही दात आवळून.

एक दिवस गोविंदराव तिसऱ्या अंकातला प्रवेश वाचून दाखवत होते. बाप-लेक चहाला बसलेत, हवेबद्दल बोलतात, मुरंब्याबद्दल बोलतात, पुन्हा हवेबद्दल बोलतात. गोविंदरावांनी विचारलं, "यांच्यात भांडण आहे की समेट? सांगा."

सगळ्यांनी पुस्तकात डोकं घातलं. मागून शेंगा सोलण्याचा आवाज थांबला.

"भांडण नाहीं तें," जानकीबाई म्हणाल्या. "भांडणारीं माणसें मी रोज ऐकतें. मध्येंच लाइन कट झाली तर ओरडतात, अम्मा, पुन्हा जोडूनु द्या, माझें बोलणें संपलें नाहीं! या दोघांची लाइन कट झाली तर कोणीच जोडा म्हणणार नाहीं."

गोविंदरावांनी पुस्तक मिटलं. अठ्ठावीस वर्षं शिकवलेला माणूस! म्हणाले, "कॉफी घेऊं."

कॉफी पिता पिता त्यांनी खिशातून बी.ए.च्या प्रवेशाचा फॉर्म काढून जानकीबाईंपुढे सरकवला. जानकीबाई म्हणाल्या, "मज शेंगा सोलायच्या आहेत."

गोविंदराव म्हणाले, "सोला. सही करूनु सोला."

*

जानकीबाईंची वहीही नमुनेदार. पहिला निबंध चौदा पानी! पडदा वर जातो तिथपासून पडदा पडतो तिथपर्यंत सगळी गोष्ट, वर नाटकातल्या मोलकरणीच्या तोंडी स्वतःच्या पदरच्या चार म्हणी.

मी समजावलं, "जानकीबाई, गोष्ट सांगायची नाही. वाचणाऱ्याने नाटक वाचलंय, त्याला सगळं ठाऊक आहे, असं समजून लिहायचं."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. पुढच्या शनिवारी दुसरा निबंध आणला. दीड ओळ!

'एमिलीच्या स्वभावाविषयीं तुम्हास सर्व ठाऊक आहेच. मी निराळें काय सांगावें?'

*

आता गोविंदरावांचा किस्सा. ते आज असते तर त्यांनी स्वतःच सांगितला असता, म्हणून सांगते.

गोविंदरावांना प्रतीकांचं भारी वेड. नाटकातलं घड्याळ दिसलं की काळाचं प्रतीक, छत्री दिसली की एकटेपणाचं. पण त्यांचं सगळ्यात आवडतं प्रतीक म्हणजे बोकड. पहिल्या अंकाच्या शेवटी रंगसूचना होती: न्यायाधीश खुंटीवरचा आपला 'गोट' घेतो आणि बाहेर पडतो. त्यावर त्यांचं पाऊण तासाचं व्याख्यान होतं. बळीचा बोकड, घरातला मुका जीव, म्हणजेच एमिली! न्यायाधीश तिला ओढत नेतो! वर्ग थरारून जायचा. तीन वर्षं हे व्याख्यान चाललं होतं. त्या तीन वर्षांत आमच्या वर्गातल्या पोरांनी परीक्षेत किती बोकड सोडले असतील, देव जाणे!

मी लायब्ररीतून लंडनमध्ये छापलेली प्रत आणली आणि सहज चाळताना माझे डोळे फिरले. तिथे 'कोट' होतं. न्यायाधीश खुंटीवरचा कोट घेऊन बाहेर पडतो! आमची स्वस्त प्रत मद्रासमध्येच कुठेतरी छापलेली. एक अक्षर चुकलं आणि बोकड जन्माला आला.

आता सांगायचं कसं? दोन शनिवार मी ती प्रत पर्समध्ये घेऊन फिरले. तिसऱ्या शनिवारी वर्ग सुटल्यावर धीर करून त्यांच्यापुढे ते पान ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग ते हळूच म्हणाले,

"कोट हेंही प्रतीकच आहे."

आणि पुढच्या शनिवारी कोटावर पाऊण तास बोलले!

*

परीक्षेला मायलेकींचा नंबर एकाच हॉलमध्ये आला. उषाने घरून निघतानाच आईला बजावलं होतं, "तिथे मला ओळख दाखवायची नाही." जानकीबाईंनी शब्द पाळला. मुलीपासून चार बाकं मागे बसून खाली मान घालून लिहीत होत्या.

तासाभराने उषाचं पेन बंद पडलं. झटकलं, घासलं, काही होईना. दुसरं आणलेलं नाही. घाबरून तिच्या तोंडून भर हॉलमध्ये मोठ्याने निघालं, "अम्मा!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. सुपरवायझर धावत आले. "ए मुली, ही काय बालवाडी आहे? अम्मा घरी! इथे कुणाची अम्मा नसते!"

मागून बाक सरकलं. जानकीबाई उभ्या राहिल्या, हातात पेन घेऊन.

"हिची आहे," त्या म्हणाल्या. "रोल नंबर पाहून घ्या."

*

आणि पोन्नुस्वामी. हे पोस्टमन. चाळिशी उलटलेली, खाकी कपड्यातच वर्गाला यायचे, कारण शनिवारची डिलिव्हरी उरकून थेट येत. कमी बोलायचे. लिहायचेही कमी, पण एकेक वाक्य पत्त्यासारखं नेमकं.

एक दिवस वर्ग सुटल्यावर ते थांबले. "मॅडम, एक शंका आहे. दुसऱ्या अंकात पत्र टपालाने आलं ना?"

"हो. न्यायाधीश तसं सांगतो की."

"पण अंकाच्या सुरुवातीला मोलकरीण चर्चमधून येते. घंटा वाजत असतात. म्हणजे रविवार."

"मग?"

"रविवारी टपाल कुठून आलं, मॅडम?"

मी हसले. म्हटलं, "अहो, ते इंग्लंड आहे."

"इंग्लंडच ना? आपल्याला रविवारची सुट्टी दिली कुणी? त्यांनीच!"

मी पुस्तक उघडलं. आम्ही दोघांनी तो अंक ओळ न् ओळ वाचला. पोस्टमनची चाहूल नाही, दारावर थाप नाही, पाकिटावरच्या शिक्क्याचा उल्लेख नाही. मोलकरणीने पत्र आणून दिलेलं नाही. पत्र फक्त न्यायाधीशाच्या हातात आहे आणि 'टपालाने आलं' हे फक्त तोच म्हणतो.

"त्यानेच लिहिलं, मॅडम," पोन्नुस्वामी म्हणाले. "मुलगी जाऊ नये म्हणून बापाने स्वतःच लिहिलं."

इतकी वर्षं मी ते नाटक शिकवत होते. गोविंदराव त्याहून जास्त. आमच्या टेबलावर जाडजूड टीकाग्रंथ पडलेले होते, त्यांपैकी एकातही हे नव्हतं.

पण परीक्षा तोंडावर आली आणि मला भीती वाटायला लागली. मी त्यांना म्हटलं, "पोन्नुस्वामी, हे परीक्षेत लिहू नका. परीक्षकाला पटलं नाही तर वर्ष जाईल. सगळे लिहितात तेच लिहा."

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "मॅडम, पंचवीस वर्षं पत्रं वाटली. एवढी पत्रं हाताखालून गेली, पण खोटं पत्र पहिल्यांदाच सापडलंय. आणि गप्प बसू?"

प्रश्न नेमका तोच आला: 'न्यायाधीश हा एक दुर्दैवी बाप आहे. चर्चा करा.' पोन्नुस्वामींनी बाकीचे प्रश्न जेमतेम सोडवले आणि या एकावर सात पानं लिहिली.

निकाल लागला. सेल्वराज पास, जानकीबाई पास, उषा पास. पोन्नुस्वामींना त्या पेपरात अडतीस! पासापुरते. ते मला म्हणाले, "परवाइल्लै, काही हरकत नाही, मॅडम. पास झालो ना." पण त्यानंतर चार-सहा महिने ते मेसमध्ये कॉफीलासुद्धा फिरकले नाहीत. मला मात्र रोज वाटायचं, आपण आधी त्यांना गप्प बसवायला निघालो, आणि मग त्यांचं बरोबर आहे हे कुणाला सांगायलाही गेलो नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये वर्ग नुकता सुरू झाला होता. जिना धडधडत पोन्नुस्वामी वर आले. खाकी कपडे, खांद्यावर पिशवी, हातात त्याच नाटकाचं नवंकोरं गाइड.

"मॅडम! वाचा, पान एकवीस!"

वाचलं. ठळक अक्षरात छापलं होतं: 'येथे सूक्ष्म वाचकाच्या लक्षात येईल की, हा दिवस रविवार आहे व रविवारी टपाल येत नाही. त्यामुळे हे पत्र न्यायाधीशाने स्वतःच लिहिले असावे, असे थोर समीक्षकांचे मत आहे.' खाली मोलकरीण, घंटा, पाकिटावरचा शिक्का, सगळे पुरावे ओळीने. अगदी पोन्नुस्वामींनी मांडले होते त्याच क्रमाने.

मी गाइड मिटून मुखपृष्ठ पाहिलं. लेखकाचं नाव नव्हतं. नावाच्या जागी छापलं होतं: 'एक अनुभवी परीक्षक'.

मी वर पाहिलं. पोन्नुस्वामींचा चेहरा नुसता फुलून आला होता.

"पाहिलंत ना, मॅडम? थोर समीक्षकही हेच म्हणतात! माझं चुकलं नव्हतं!" त्यांनी गाइड माझ्या हातून घेतलं, पिशवीत जपून ठेवलं आणि खिशातून एक कोरं अंतर्देशीय पत्र काढलं. "या परीक्षकसाहेबांचा पत्ता कुठे मिळेल हो? आभाराचं पत्र टाकायचंय."