हरणाबाईचं मत

हरणाबाईला राग आला की तो आधी पायांत उतरायचा. माधवनगरच्या गिरणीजवळ भावाची खोली, तिथून सांगलीच्या पेठेपर्यंत दीड कोसाची वाट. एरवी ती वाटेत भेटेल त्याच्याशी चार शब्द बोलत यायची. पण त्या आठवड्यात अशी ताडताड चालत होती, की ओळखीची माणसंसुद्धा हाक मारायला कचरत होती.

काम तिचं साधंच. सेहेचाळीस साल ते. पेठेतल्या चांगल्या घरच्या बायका वाचनालयाची पायरी चढत नसत, म्हणून वाचनालयानं हरणाबाईला ठेवलेलं. खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तकं; वाचलेलं परत आणायचं, नवं पोचवायचं. तिला स्वतःला अक्षराचा गंध नव्हता. पण कुठल्या घरी काय आवडतं ते तिच्याइतकं ग्रंथपाल भाऊसोंनाही कळत नव्हतं, कारण पुस्तक परत देताना बायका उंबऱ्यात उभ्या राहून पोटातलं सगळं ओकायच्या.

त्या उन्हाळ्यात एका पुस्तकानं पेठेत नुसता धुमाकूळ घातला होता. 'यमूताईंची खाणावळ'. कुणा बाईनंच लिहिलेलं. नवरा टाकून जातो, यमूताई स्टेशनाजवळ खाणावळ काढते आणि स्वतःच्या पायावर उभी राहते, एवढीच गोष्ट, पण विनोदी.

विनोदी! हरणाबाईचं डोकं फिरलं ते तिथंच.

दहा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, जोतीरामनं, तिला वांझ म्हणून आटपाडीकडच्या घरातून बाहेर काढलं होतं. अंगावरच्या लुगड्यानिशी. त्याच साली त्यानं दुसरी बायको आणली. मग चार वर्षांनी तो पलटणीत गेला, लढाई लांबली, आणि त्या दुसरीनं पंचांपुढं काडीमोड घेऊन खानापूरकडच्या एकाशी पाट लावला. आता जोतीराम पलटणीतून सुटून आलेला, आणि भाकरी थापायला घरात कोण नाही. लगेच निरोप आला, हरणाला पाठवा. तिचा भाऊ हरिबा तिला न विचारताच 'बरं' म्हणून बसला होता. सोमवारी नवरा आणि दीर तिला न्यायला येणार होते.

जावं की न जावं? विचारायचं तरी कुणाला? मग ती त्या पुस्तकालाच विचारत सुटली. आपल्याआधी एक बाई ह्यातून गेलीय म्हणे, तिनं काय केलं ते तरी कळू दे.

"हरणे, अगं हसून हसून पुरेवाट झाली माझी!" वकीलवहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "नवरा पळून जातो, आणि ही बाई त्याच्या धोतराची फडकी करून खाणावळीची भांडी पुसते!"

"ह्यात हसण्याजोगं काय हाय, वयनी?"

"तुला नाही कळायचं. विनोद आहे तो."

हरणाबाईनं ओठ आवळले. म्हणे तुला नाही कळायचं! जिचं जळतं तिला कळत नाही, आणि झोपाळ्यावर बसणारीला कळतं. "बरं, शेवटी ती नवऱ्याकडं जाती का?"

"तोच येतो की. ती त्याला पोटभर जेवायला वाढते. अगदी गोड शेवट आहे हो."

पुढच्या आळीत मनुबाई मास्तरीण. त्यांनी पुस्तक दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर द्यावा तसं दिलं. "भाऊसोंना सांग, हे कपाटातून काढून टाका. नवऱ्यानं टाकलं तर बाईनं देवाधर्माचं बघावं. ही आपली चारचौघांत खिदळत बसते! आणि शेवटी त्याला जेवायला घालते नि त्याचं खरकटं ताट त्यालाच उचलायला लावते. नवऱ्याला!"

"म्हंजी घरात घेत न्हाई त्याला?"

"कुठलं घेते! हाकलूनच देते म्हण की."

घ्या! एकाच शेवटाची दोघींनी दोन टोकं केली. आणि ह्या मास्तरीणबाई स्वतः बापाच्या घरी न राहता बिऱ्हाड करून राहतात, स्वतःच्या पगारावर जेवतात, आणि दुसरीनं मात्र टाळ कुटत बसावं! लोका सांगे ब्रह्मज्ञान. हरणाबाई ते तोंडावर बोलली नाही. बोलली असती तर काम गेलं असतं.

रविवारी दुपारी तिनं ते पुस्तक उचललं आणि माधवनगरलाच, चाळीतल्या रंगूबाईपुढं आपटलं. रंगूबाई गिरणीतल्या जॉबरची, कामगारांवरच्या मुकादमाची बायको, चार बुकं शिकलेली. तिनं ते आधीच वाचलं होतं.

"समदं खोटं हाय गं," रंगूबाई म्हणाली. "रॉकेल मिळंना, तांदूळ रेशनचा, आन ही बया रोज जेवणाची चाळीस पानं उठवती! कुठनं आणती, ते न्हाई लिवलं."

"ते ऱ्हाऊ दे. शेवट वाच. जसा हाय तसा."

रंगूबाईनं बोट ठेवून वाचला. नवरा येतो, पाटावर बसतो. यमूताई काही न बोलता वाढते, आमटी मुद्दाम तिखटजाळ. तो नाक पुसत जेवतो, मग खाणावळीच्या रिवाजानं ताट उचलून मोरीत नेतो. बाकीची गिऱ्हाइकं हसतात. संपलं. वाचता वाचता रंगूबाईला हसू फुटलं.

"आन ती काय बोलली त्याला?"

"काय न्हाई. त्या ताटातनंच कळलं की त्याला."

"ताटातनं कळतंय व्हय पुरुषाला?" हरणाबाई उसळलीच. "दोनशे पानं जगाशी चुरूचुरू बोलली, आन ज्याला बोलायचं त्याच्या म्होरं दातखीळ! तिखट आमटीनं काय हुतंय? पाणी प्याला की गेलं. मला न्हाई आवडलं हे पुस्तक."

"आगं बया, तुझं मत इचारलंय कुणी?"

"न्हाई इचारलं. पुस्तकाचंबी न्हाई, आन माझ्या नांदायला जायाचंबी न्हाई."

सोमवारी दुपारी ती पेठेतून परतली तेव्हा खोलीत जोतीराम खाकी कोट घालून घोंगड्यावर बसला होता. शेजारी दीर बिराप्पा. हरिबानं कामाचा खाडा केला होता, वहिनीनं कोंबडं रांधलं होतं. जणू सोयरीकच ठरायची होती.

"आवर बिगीबिगी," हरिबा म्हणाला. "दोनची मोटार हाय."

हरणाबाई पिशवी घेऊन दारातच उभी राहिली. "मी न्हाई जायाची."

"असं काय करतीस?" जोतीराम मोठ्या मनानं हसला. "झालं गेलं इसरून जा. तुला मूल न्हाई झालं, तेबी म्या पोटात घातलं."

पोटात घातलं!

"तुमी पोटात घातलं? जी दुसरी आणली, ती चार वर्सं नांदली तुमच्याजवळ. प्वार झालं काय तिला? तिकडं पाट लावला, तर आता तिच्या अंगणात दोन पोरं खेळत्यात. समद्या गावाला ठावं हाय. मग वांझ कोण? सांगा की. माझ्या भावाम्होरं सांगा."

ती दिराकडं वळली.

"भावजी, तुमाला तर म्हाईत हुतं. त्या पोरांना तुमी बघून आलाईसा. तरी मला न्ह्यायला आलासा?"

बिराप्पा घोंगड्याचे धागे उपटायला लागला.

"हरणे, त्वांड आवर!" हरिबा ओरडला. "पाव्हणं हायती ती."

"धा वर्सं आवरलंच की, दादा. वांझ म्हणून तुझ्या तिन्ही पोरांच्या बारशाला मला हितं, दाराभायेर बसवली. पाळण्याला हात लावू दिला न्हाई. तवा ह्यांचं खरं वाटलं तुला. भनीला इचारावं वाटलं न्हाई. ती बारशी आता कुठनं आणून देतोस?"

हरिबा पाव्हण्यांकडं पाठ करून बसला. चुलीपुढं वहिनी रडायला लागली. हरणाबाईनं तिला उगी केलं नाही.