परत म्हणा, बाबा

आमच्या कामात एक रीत आहे. मी वैमानिकाला काही सांगितलं, की त्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. उंची, दिशा, वेग, सगळं. मी कान देऊन ऐकायचं, "बरोबर" म्हणायचं आणि मगच पुढच्या विमानाकडे वळायचं. नुसतं "हो हो" म्हटलं, तर आपण सांगितलंच नाही असं धरायचं. मुंबईच्या आभाळात विमानांना एकमेकांपासून लांब ठेवायची नोकरी करते मी, आणि ही खोड घरी घेऊन येते. नवऱ्याला भाजी आणायला सांगितली, की "परत म्हण." तो मेला भर बाजारात ताठ उभा राहून फोनवर म्हणतो, "मेथी एक, कोथिंबीर एक, मिरच्या विसरायच्या नाहीत." लोक हसतात. हसोत! मिरच्या घरी येतात की नाही?

या रीतीला एकच माणूस बधला नाही, तो म्हणजे माझा बाप. अर्नाळ्याचा तांडेल. बोटीवर त्याचा शब्द शेवटचा, त्यामुळे जन्मभर हुकूम दिले, घेतला एकही नाही. त्याला काहीही सांगा, उत्तर एकच: "हं." त्या "हं"मध्ये हो, नाही, बघू, गप बस, सगळं मावतं. माझं डोकं उठतं.

गेल्या हिवाळ्यात वसईजवळ उमेळ्याला माझ्या आतेबहिणीचं लग्न होतं. बाबा तिचे एकुलते एक मामा, आणि आमच्याकडे मामाने हाताला धरून आणल्याशिवाय नवरी मांडवात पाऊल टाकत नाही. तर हे मामा कुठे? दिल्लीत! माझ्या भावाच्या बाळाच्या बारशाला गेलेले. लग्नाच्या आदल्या दिवशी परतायचे, तर धुक्यात विमान रद्द झालं. मिळालं ते लग्नाच्याच दिवशीचं, दुपारी मुंबईत उतरणारं. मुहूर्त उतरत्या दुपारचा. त्यात बाबांचा हा जन्मातला पहिला विमानप्रवास.

सकाळी ड्युटीला बसण्याआधी मी त्यांना फोन केला. "बाबा, उतरल्यावर आधी फोन चालू करायचा. बाहेर आपला गाडीवाला उभा असेल. त्याच्याशिवाय कुणाच्या गाडीत बसायचं नाही."

"हं."

"बाबा, परत म्हणा."

"मी काय पोपट हाय?" फोन बंद.

दुपारी धावपट्टीवर पक्षी आले. धावपट्टी तपासून होईपर्यंत उतरणं थांबलं, आणि तेवढ्यात वर गर्दी झाली. पुन्हा उतरणं सुरू झालं तेव्हा माझ्यापुढच्या पडद्यावर विमानंच विमानं. लग्नाच्या पंगतीला सगळं गाव एकदम दारात यावं तसं. दार एकच. एकेकाला आत घ्यायचं आणि कुणाचा खांदा कुणाला लागू द्यायचा नाही. तोंडाला कोरड पडली होती, पण शेजारचा पाण्याचा पेला उचलायलाही फुरसत नव्हती. हाताखालून विमानं सुटत होती, खरं सांगते, मजा येत होती.

दिल्लीचं विमान रांगेत पुढे आलं. आता बाबांचा नंबर. एवढ्यात मागच्या एका वैमानिकाचा आवाज आला: प्रवाशाच्या छातीत दुखतंय, लवकर उतरवा. त्याला वाट द्यायची तर पुढच्या एकाला बाजूला काढणं भाग होतं. पडद्यावर बघितलं. सरळ दिसत होतं, काढायचं तर बाबांचंच.

शेजारचा सहकारी हळूच म्हणाला, "अगं, त्यात तुझे वडील आहेत ना?"

"माहितीये," मी म्हटलं, आणि दिल्लीच्या विमानाला वसईच्या वर चकरा मारायला लावल्या. वैमानिकाने सगळं परत म्हटलं. मी "बरोबर" म्हटलं. आवाज हलला नाही. आजारी माणसाचं विमान उतरलं, मागोमाग आणखी काही, मग बाबांचं. चाकं टेकली आणि माझी ड्युटी संपली.

उमेळ्याला पोचते तर मांडवात कल्लोळ. गाडीवाल्याचा फोन: बाबा बाहेर आलेच नाहीत. बाबांचा फोन बंद. भटजी घड्याळ बघत होते. कुणीतरी म्हणालं, चुलतमामाला उभं करा. नवरी खोलीत फतकल मारून बसली, "माझा मामा आल्याशिवाय मी उठणार नाही!" आत्या रडकुंडीला आली होती. आणि माझा नवरा, शहाणा, त्याला मी वाटेत फोनवर सांगितलं होतं, सगळ्यांसमोर बोलून गेला की हिनेच त्यांना वर थांबवलं.

"सख्ख्या बापाला?" आत्या माझ्यावर धावून आली. "आज? आजच्या दिवशी?"

मला वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता. तो फोन! चालू करायला काय झालं होतं?

भटजींनी तोंड उघडलं आणि फाटकाशी अनोळखी गाडी थांबली. बाबा उतरले. विमानात शेजारी बसलेला माणूस इथल्याच बाजूच्या नायगावचा निघाला, त्याच्याच गाडीतून आले. चपला फाटकाशीच उडवल्या, पागोटं कुणाच्या तरी हातातून ओढून डोक्यावर ठेवलं आणि सरळ खोलीत. भाचीचा हात धरून बाहेर आले तेव्हा बँडवाले इतक्या जोरात सुटले की बाजूच्या वाडीतले कावळे उडाले.

अक्षता पडल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, बोला काय बोलायचं ते.

"वरून आपला अर्नाळ्याचा किल्ला दिसला," बाबा म्हणाले. "चिमटीत मावेल येवढा. तीनदा दाखवलास. पायलट बोलला, कोनी आजारी हाय, त्याला पुढे सोडलाय. बाजूवाला कुरकुर करीत व्हता. मी म्हनलो, गप. खाली माझी पोर बसलीय. ती थांब म्हनली तर थांबायचं."

सवयीने तोंडातून हुकूमच निघाला, "आता जेवून घ्या. जिलेबी एकच. आणि फोन चालू करा."

मी "हं"ची वाट बघत होते. बाबांनी पागोटं काढलं, ताठ उभे राहिले.

"जेवून घेतो," ते म्हणाले. "जिलेबी एकच. फोन चालू करतो."

यावर मी "बरोबर" म्हणायचं असतं. दिवसभर शेकडो वेळा म्हणते. त्या वेळी मी नुसतं "हं" म्हटलं.