टाकीवाल्या ताईंचं वाचनाचं वर्ष

टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला लागून एक खोली होती आणि त्या खोलीत ताईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मोटर चालू करायची, टाकी भरत आली की बंद करायची, ठरल्या वेळी एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि पुन्हा आवळायचा, एवढंच काम. ऐकायला सोपं. पण खालच्या सगळ्या वस्तीच्या नळाला पाणी यायचं ते या बाईच्या मनगटातून. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण टाकीवाल्या ताई म्हटलं की पोरासोरांनाही कळायचं. ताई रजेवर गेल्या की त्यांची आठवण घराघरांत निघायची, आणि ती काही गोड शब्दांत नसायची.

खोलीत एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर दाबाचा काटा आणि मोटरीची एकसुरी घरघर. खिडकीखाली उघडा हौद होता. सकाळी ऊन त्या पाण्यावर पडायचं आणि तिथून उसळून खोलीच्या छतावर यायचं. मग सगळं छत हलकेच हलत राहायचं, जणू खोलीच पाण्याच्या तळाशी आहे. ताई मान वर करून ते बघत बसायच्या. त्या लहानपणापासून अशाच. आई दुधावर लक्ष ठेवायला सांगायची, आणि दूध उतू जायचं तेव्हा ताई दुधाकडेच टक लावून बघत असायच्या.

त्यांची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करायची. पन्नाशीला टेकली तरी घरच्यांसाठी ती चिमणीच होती. तिचे यजमान आदल्या वर्षी एका सकाळी ध्यानीमनी नसताना गेले. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ती फोनवर हवापाण्याचं बोलायची, ताईंच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि ठेवून द्यायची. स्वतःबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी तिचा वेगळाच सूर ऐकून ताई खुर्चीत सरळ बसल्या.

"ताई, यंदा आपण पुस्तकं वाचायची. तू चोवीस, मी चोवीस. महिन्याला दोन."

"एवढी? कुणी परीक्षा घेणारे का आपली?"

"अगं, फोनमध्ये एक अ‍ॅप आहे. पुस्तक वाचून झालं की खूण करायची, मग एक वर्तुळ भरत जातं. तुझं मला दिसेल, माझं तुला. लहानपणी तू मला वाचून दाखवायचीस, आठवतं? पुन्हा सुरू करू या."

कितीतरी महिन्यांनी चिमणीला काहीतरी हवंसं वाटलं होतं. ताईंनी चोवीसच काय, चारशेलाही हो म्हटलं असतं.

सुरुवात झोकात झाली. ताईंनी चौकातल्या वाचनालयात नाव घातलं, पहिल्या महिन्यात दोन पुस्तकं वाचली, खुणा केल्या आणि वर्तुळाची बारीकशी हिरवी कड उगवलेली बघून खूश झाल्या. पण पुढे गाडी रुतली. ताईंना वाचायला आवडत नव्हतं असं मुळीच नाही. उलट फार आवडायचं, आणि तीच अडचण होती. पुस्तकातली बाई दार उघडून बाहेर पडली की ताई तिच्यामागोमाग निघायच्या. रस्ता कसा असेल, कोपऱ्यावर कोण उभं असेल, तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला असेल का, हे बघत बघत त्या इतक्या लांब जायच्या की परत पानावर येईपर्यंत व्हॉल्व्ह फिरवायची वेळ झालेली असायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान. बाई पुन्हा दार उघडायची.

तिकडे चिमणीचं वर्तुळ कसं भरभर भरत होतं. आणि ताईंच्या फोनवर मात्र अधूनमधून निरोप यायचा, 'तुम्ही तुमच्या उद्दिष्टाच्या थोड्या मागे आहात. चला, वाचू या!'

"चला म्हणायला याचं काय जातंय," ताई पुटपुटायच्या. पण मनाला लागायचं. आपण मागे पडलो तर चिमणीचाही हुरूप जाईल, एवढी एकच धास्ती.

अशात त्यांच्या हाती एका घड्याळजीची कादंबरी आली. घड्याळजीची बायको एका सकाळी जरा जाऊन येते म्हणून जी बाहेर पडते ती परतच येत नाही. तो बरेच दिवस वाट बघतो, शेवटी दुकानाला कुलूप लावून स्टेशनवर जातो. ताई त्या स्टेशनच्या बाकावर त्याच्या शेजारी बसल्या त्या बसल्याच. पुस्तक परत करायची मुदत संपली. वाचनालयातल्या गृहस्थांनी दुसरं कुणी मागतंय म्हणून सांगितलं. ताईंनी अर्धवट पुस्तक परत केलं, आणि घरी येऊन फोनवर हळूच 'वाचून झालं' अशी खूण केली. बोट उचलायच्या आत वर्तुळ पुढे सरकलं. चोरी इतकी सोपी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी फोन वाजला तसा त्यांनी तो जरा उशिरानेच उचलला.

"ताई, घड्याळजीचं वाचलंस वाटतं? मीही हातात घेतलं होतं, तो स्टेशनवर जातो एवढं मागच्या पुठ्ठ्यावर वाचलं. मग मध्येच राहिलं. सांग ना, सापडते का त्याला बायको?"

आता काय सांगणार? ताईंनी खिडकीबाहेर बघितलं. हौदातलं पाणी संथ होतं. आणि त्यांना तो घड्याळजी दिसला.

"सापडते," त्या सावकाश म्हणाल्या. "पण लगेच नाही. तो गावोगाव फिरतो. एका गावात चौकातलं मोठं घड्याळ बंद पडलेलं असतं. लोक म्हणतात, दुरुस्त करून द्या. तो वर चढतो. वरून सगळं गाव दिसतं. खाली एका दारात फुलांची टोपली घेऊन बसलेली त्याची बायको दिसते."

"मग?"

"मग तो हाक मारत नाही. घड्याळ दुरुस्त करतो. टोल पडायला लागतात. त्याच्या हातच्या घड्याळाचा टोल जरा रेंगाळून पडायचा, हे तिलाच माहीत. ती टोपली खाली ठेवते आणि वर बघते. संपलं."

मग चिमणी म्हणाली, "ताई, किती छान गं." आणि तिने त्या दिवशी पहिल्यांदाच, रात्री झोप लागत नाही हे आपणहून सांगितलं.

झालं. तेव्हापासून रविवारचा तो शिरस्ताच पडला. ताई पुस्तक अर्धं वाचायच्या, खूण पूर्ण करायच्या आणि शेवट चिमणीला स्वतःच्या पदरचा सांगायच्या. कोळ्याची मुलगी परत यायची, भांडलेले भाऊ एका छत्रीखाली घरी जायचे, आंधळ्या शिक्षिकेला कुणी तरी तिच्या आवडीच्या झाडाखाली नेऊन बसवायचं. एक शेवट फार अवघड होता. बेटावर अडकलेल्या परिचारिकेला कसं सोडवायचं, या विचारात ताई एका दुपारी गढून गेल्या होत्या, आणि खात्याचा फिटर धापा टाकत दारात आला.

"ताई, टाकी वाहतेय. खाली रस्त्याची नदी झालीय."

ताईंनी धावत जाऊन मोटर बंद केली. टेकडीच्या पायऱ्यांवरून पाणी उड्या मारत चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर उन्हात ते दिसतही सुंदर होतं.

"होता कुठे तुम्ही?" फिटरने विचारलं.

"बेटावर," ताई खरं ते बोलून गेल्या.

"मग तिकडे जायच्या आधी एकदा काट्याकडे बघायचं ना," तो म्हणाला आणि पायपुसणं पिळायला लागला.

साहेबांनी बोलावून चांगली खरडपट्टी काढली. बावीस घरांच्या ओसऱ्या भिजल्या होत्या. खोट्याच्या कपाळी गोटा, ताई मनाशी म्हणाल्या. त्यांनी पक्कं ठरवलं की आता चिमणीला सगळं सांगून टाकायचं. पण रविवार आला, तिने लहान मुलीसारखं "मग?" विचारलं, आणि परिचारिका सुखरूप किनाऱ्याला लागली.

वर्ष सरत आलं तेव्हा चिमणी सुट्टी घेऊन राहायला आली. ताई स्टेशनवर तिला घ्यायला गेल्या आणि क्षणभर त्यांनी तिला ओळखलंच नाही. वाळून निम्मी झाली होती. बॅग मात्र जड. घरी आल्यावर ताईंनी ती उघडून आवराआवर करायला घेतली. आत सगळी पुस्तकंच. ताईंनी एक उघडलं. खुणेचा कागद सहाव्या पानावर. दुसऱ्यातला चौथ्या पानावर. तिसऱ्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. आणि फोनवरच्या वर्तुळात या सगळ्यांवर 'वाचून झालं' असं लिहिलेलं. ताई काही शहाण्यासुरत्या नव्हत्या, पण आयुष्य पाण्याच्या खात्यात काढलं होतं. कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी चिमणी त्यांच्याबरोबर टाकीवर आली. मोटर चालू झाली, छतावर ऊन हलायला लागलं. चिमणी वर बघत राहिली.

"चिमे," ताई म्हणाल्या, "तो घड्याळजी बायकोला शोधत गावोगाव फिरतो ना, ते मी रचलंय. पुस्तक मी पुरं केलंच नाही. बाकीचीही नाहीत. मोजून पाच वाचली असतील वर्षात."

चिमणीने मान खाली आणली. रागावली नाही. "मी एकही नाही वाचलं, ताई."

"एकही नाही?"

"चार ओळी वाचल्या की पहिली पुसली जाते. अक्षरं समोर असतात, पण धरून ठेवता येत नाहीत. वाटलं होतं, आकडा ठरवला तर होईल. नाही झालं. मग तुला काळजी वाटेल म्हणून खुणा करत गेले. रविवारी तुझ्याकडून शेवट ऐकायचे, तेवढंच माझं वाचन."

मग ताईंना आधी हसू आलं. एकमेकींचा उत्साह टिकावा म्हणून दोघी वर्षभर एकमेकींना फसवत आल्या होत्या, आणि मध्ये ते बिचारं अ‍ॅप दोघींना शाबासक्या देत होतं. चिमणीही हसली, पण तिचं हसू अर्ध्यावरच थांबलं.

"खरं काय होतं मग? घड्याळजीचं?" तिने विचारलं.

संध्याकाळी दोघी वाचनालयात गेल्या. पुस्तक जागेवर होतं. ताईंनी अट घातली, "मी वाचायला घेतलं की भरकटते. तू मोठ्याने वाच, मी ऐकते."

"मला जमणार नाही."

"पहिली ओळ विसरलीस तर मी आहे ना. तू पुढचं बघ, मागचं मी धरून ठेवते."

तशी ती रोज टाकीवर येऊन वाचू लागली. सुरुवातीला मोटरीच्या आवाजात तिचा आवाज बुडायचा. शब्द अडखळायचे, ती थांबायची, "कुठे होते मी?" विचारायची. "स्टेशनवर, बाकावर," ताई सांगायच्या. हळूहळू आवाज मोकळा झाला. फिटर हत्यारं घ्यायला म्हणून यायचा आणि दाराशी रेंगाळायचा. व्हॉल्व्हची वेळ झाली की ताई हात वर करायच्या, चिमणी बोट ओळीवर ठेवून थांबायची, आणि ताई येईपर्यंत घड्याळजीही थांबायचा.

पुस्तकातला घड्याळजी गावोगाव फिरलाच नाही. त्याला स्टेशनवर आठवलं की एका गिऱ्हाइकाला उद्या घड्याळ द्यायचं कबूल केलंय, आणि तो घरी परतला. वर्षं गेली. केस पिकले. मग एका दुपारी त्याची बायको दुकानात आली. काउंटरवर बंद पडलेलं मनगटी घड्याळ ठेवलं. त्याने ते उचललं, कानाला लावलं आणि म्हणाला, 'गुरुवारी या.' ती बरं म्हणाली. पुस्तक संपलं.

"हा काय शेवट झाला?" ताई चिडल्याच. "इतकी वर्षं वाट बघितली आणि गुरुवारी या? काही बोलायचं नाही माणसाने?"

चिमणी पुस्तक मांडीवर घेऊन बसून होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"बरोबर आहे, ताई. असंच असतं. सगळे मला विचारतात, शेवटचं काय बोलले तुझे यजमान? काय सांगू? त्यांनी विचारलं, माझा चष्मा पाहिलास का. मी म्हटलं, बघते. आणि ते गेले तेव्हा मी आतल्या खोलीत चष्मा शोधत होते." ती जरा थांबली. "मला वाटायचं, आपलंच असं फुसकं राहिलं. काही तरी बोलायला हवं होतं. पण हा बघ, यालाही काही सुचलं नाही."

ताईंनी खुर्ची जवळ ओढली. चिमणी भरपूर रडली, मग तिने नाक पुसलं, आणि त्या दुपारी ती त्या घरघरत्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपली. ताईंनी व्हॉल्व्ह फिरवताना चपला काढून ठेवल्या.

तिने परत जायच्या आधी दोघींनी फोन समोर ठेवून खोट्या खुणा एकेक करून काढून टाकल्या. ताईंची पाच उरली, घड्याळजी धरून सहा. चिमणीचं वर्तुळ पार पुसलं गेलं आणि मग एका पुस्तकापुरती त्याला कड आली. वर्ष संपताना दोघींना निरोप आला, 'या वर्षी उद्दिष्ट हुकलं, पण निराश होऊ नका!' त्यावर चिमणीने फोन करून विचारलं, "आपण निराश आहोत का गं?" ताई म्हणाल्या, "मला तरी वेळ नाही, पाणी सोडायचंय."

नव्या वर्षासाठी आकडा टाकायची जागा दोघींनी रिकामीच ठेवली. चिमणी आता रविवारी फोनवरून वाचून दाखवते. कधी दोन पानं, कधी अर्धंच. अक्षरं अजूनही काही दिवशी निसटतात, तेव्हा ती पुस्तक मिटते आणि दोघी नुसत्या बोलतात. मधल्या वारी मात्र ताईंना पुढे वाचल्याशिवाय राहवत नाही. त्याच पुस्तकाची स्वतःची प्रत त्यांच्या टेबलावर असतेच.

परवा चिमणीचा दुपारीच फोन आला.

"ताई, पुढे गेलीस का? खरं सांग. गोष्टीतले ते दोघे पोचले का पलीकडच्या काठाला?"

ताईंनी एकदा काट्याकडे नीट बघून घेतलं आणि मग खिडकीतून हौदाकडे बघितलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या, "अजून होडीतच आहेत. वारा पडलाय. मीही त्यांच्याबरोबर जरा बसलेय."