पालथी वाटी

माझ्या धाकट्या दिरांइतकी अर्धी वाक्यं वडवणीत दुसऱ्या कुणी बोलली नसतील, आणि इतक्या इमानानं पुरीही केली नसतील. भाऊजी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायचे. एकदा जेवताना म्हणाले, "आई, वांग्यात मीठ..." आणि कॉम्प्युटरवरचं काही सुचलं म्हणून उठून गेले. तिसऱ्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "...लई कमी हाय." ताटात खीर होती. सासूबाई म्हणाल्या, "खिरीत बी मीठ घालू का रे?"

यावर भाऊजी खूश होऊन मलाच समजावून सांगायला लागले. मी चौथी शिकलेली, कुणापुढं तोंड न उघडणारी. पण त्यांना ऐकणारं माणूस मिळालं की पुरे. त्यांच्या प्रोग्रॅमच्या भाषेत म्हणे काम मध्येच थांबलं तर पुढचं उरलेलं काम गुंडाळून जपता येतं. त्याला कंटिन्युएशन म्हणायचं. ते कधीही उलगडा, त्याच जागेवरून चालू. हातात दुसरा जिन्नस दिला तरी उरलेलं काम तेच. म्हणून खिरीला मीठ! "पण कुठवरचं जपायचं?" मी हळूच विचारलं. त्यांनी ओट्यावर वाटी पालथी घातली. "हा प्रॉम्प्ट समजा, म्हणजे हद्दीची खूण. वाटी ठेवल्यावर जे सुरू केलं तेवढंच गुंडाळायचं. बिघडलं तर तेवढंच टाकून वाटीपाशी यायचं. वाटीच्या आधीचं शाबूत."

त्या दिवसापासून भाऊजी चहासुद्धा वाटी पालथी घालून करायला लागले. दूध नासलं की पातेलं मोरीत ओतून पुन्हा वाटीपाशी येऊन उभे. घरात वाट्या पुरेनात. सासरे आमटी पेल्यातून प्यायला लागले. मी विचारलं, "भाऊजी, वाटी ठेवायची राहिली तर?" ते म्हणाले, "मग काय वहिनी, पुढचं सगळंच त्यात गुंडाळलं जातं."

यंदा कंपनीनं सगळ्यांना पुण्याला बोलावून घेतलं. स्टँडवर सासूबाईंनी विचारलं, "परत राहायला येशील न्हवं?" खिडकीतून भाऊजी म्हणाले, "आई, मी..." आणि त्यांना काहीतरी सुचलं. बोटं मांडीवर चालायला लागली, अन् गाडी हलली.

फोन येतो. जेवलीस का, पाऊस हाय का, सगळं विचारतात. ते वाक्य मात्र तिथंच आहे. सासूबाई रोज म्हणतात, "त्यो पुढं काय म्हणणार व्हता गं?" मी म्हणते, "पुरं करतील. कधी ठेवलंय त्यांनी अर्धं?"

स्टँडवर वाटी नव्हती; पुढचं सगळंच त्या वाक्यात गुंडाळलं गेलं. घरी येऊन मी एक ओट्यावर पालथी घातली. वाटी आधी ठेवावी लागते, मागून ठेवून उपयोग नाही, एवढं मलाही कळतं. तरी कुणाला उचलू देत नाही. आता वाट्या उरतात, पण सासरे अजून आमटी पेल्यातूनच पितात.